गहाण घराची सोडवणूक : चाकूर परिसरातील ऋणकोस उपलब्ध असलेले मार्ग आणि त्यांच्या मुदती

मराठवाड्यातील कर्जबाजारीपणाची चर्चा बहुधा पीककर्ज आणि शेतजमीन ह्या दोन विषयांभोवती फिरत राहिली आहे. राहत्या घरावरील कर्जाकडे त्या मानाने अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. वस्तुतः चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घराच्या तारणावर कर्ज काढण्याचे प्रमाण लक्षात येण्याइतके वाढले आहे. शिक्षक, लहान व्यापारी, वाहनचालक, आडत दुकानातील मुनीम, इतकेच नव्हे तर शेतीवर निर्वाह करणारे कुटुंबही आज गृहकर्जाचे हप्ते भरीत असते. हप्ते थकले म्हणजे काय होते, घर कोणत्या क्रमाने हातचे जाते, आणि त्या क्रमात मदत कोठे व केव्हा मिळू शकते, ह्यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक निष्कर्ष नमूद करणे इष्ट होईल. गहाण घराला कायद्याचे संरक्षण नाही असे नाही. परंतु ते संरक्षण दोन गोष्टींवर अवलंबून आहे : धनको कोणत्या प्रकारचा आहे, आणि नोटिशीपासून किती दिवस लोटले आहेत. ह्या दोहोंपैकी एकाविषयीही अज्ञान असल्यास उपलब्ध असलेला उपायही निरुपयोगी ठरतो.

१. सोडवणुकीचा हक्क

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील कलम ६० अन्वये गहाण देणाऱ्यास कर्ज फेडून आपली मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्क आहे. हा हक्क करारातील अटीने हिरावून घेता येत नाही. ‘अमुक तारखेपर्यंत पैसे न आल्यास घर कायमचे धनकोचे होईल’ अशी अट गहाणखतात घातली तरी न्यायालये ती मानीत नाहीत. एकदा जे गहाण ठरले ते गहाणच राहते, हे ह्या शाखेतील मूलतत्त्व होय. हा हक्क न्यायालयाच्या हुकूमनाम्याने कायमचा बंद करून घेणे ह्यासच इंग्रजी कायद्यात ‘फोरक्लोजर’ म्हणतात. आपल्या बँकांच्या बोलण्यात मात्र ह्याच शब्दाने कर्ज मुदतीपूर्वी एकरकमी फेडण्याचा बोध होतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ परस्परांच्या जवळजवळ उलट असल्यामुळे कागदपत्रे वाचताना सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे.

जुन्या दिवाणी पद्धतीत धनकोला दावा लावावा लागे. न्यायालय प्रथम प्राथमिक हुकूमनामा करी, रक्कम भरण्यास सहा महिन्यांपर्यंत मुदत देई, आणि नंतरच लिलावाचा प्रश्न उद्भवे. विक्री नोंदणीकृत खताने पुरी होईपर्यंत सोडवणुकीचा हक्क जिवंत राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या निर्णयसंग्रहांत प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या एका प्रकरणात स्पष्ट केले होते. तात्पर्य, विलंब हा त्या काळी ऋणकोचा एक अप्रत्यक्ष आधार होता.

महाराष्ट्राच्या इतिहासात ऋणकोस प्रत्यक्ष संरक्षण देण्याचे प्रयत्नही झाले. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम आला. त्याने न्यायालयांना कागदाच्या मागे जाऊन देण्याघेण्याचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा हिंदू धर्मशास्त्रातील नियमही मुंबई इलाख्यात मानला जाई. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्यामुळे १८७९ च्या अधिनियमाचा लाभ येथील ऋणकोस मिळाला नाही. ज्या प्रदेशात सावकारी कर्जाविरुद्धची कायदेशीर परंपरा उशिरा रुजली, त्याच प्रदेशात आज संस्थात्मक गृहकर्ज वेगाने पसरत आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

२. शेतकऱ्याचे घर : एक सामान्य गैरसमज

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० अन्वये शेतकरी, मजूर किंवा घरगडी ह्यांचे राहते घर पैशाच्या हुकूमनाम्यासाठी जप्त करता येत नाही. ह्या तरतुदीच्या आधारे ‘शेतकऱ्याच्या घराला कोणी हात लावू शकत नाही’ असा समज ग्रामीण भागात दृढ झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. हातउसने किंवा उधारी ह्यांसारख्या तारणाविना घेतलेल्या कर्जास ही सूट लागू पडते. परंतु ऋणकोने स्वेच्छेने तेच घर गहाण दिले असल्यास त्याच्या विक्रीसाठी जप्तीची आवश्यकताच राहत नाही, आणि म्हणून ही सूटही उपयोगी पडत नाही. गहाणखतावर सही करणे म्हणजे ही ढाल स्वतः खाली ठेवणे होय.

ह्याच्या जोडीस दुसरी तरतूद ध्यानात घ्यावी. पुढे वर्णिलेल्या २००२ च्या कायद्याचे कलम ३१ शेतजमिनीवरील तारणास त्या कायद्यातून वगळते. मात्र जमीन केवळ सातबाऱ्यावर शेती म्हणून नोंदलेली असणे पुरेसे नाही. तिचा प्रत्यक्ष वापरही न्यायालये पाहतात. गावठाणातील किंवा बिनशेती भूखंडावरील घरास ही सूट मिळत नाही.

३. धनको कोण?

मदतीचा मार्ग शोधताना पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे. कारण एकाच गल्लीतील चार थकबाकीदारांना चार निरनिराळे कायदे लागू असू शकतात.

(अ) व्यापारी बँका, ग्रामीण बँका, सहकारी बँका आणि अधिसूचित गृहवित्त कंपन्या ह्यांना २००२ चा ‘सरफेसी’ कायदा उपलब्ध आहे. न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार तो देतो. सहकारी बँकांविषयी बराच काळ वाद होता. विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये तो बँकांच्या बाजूने मिटविला.

(आ) इतर बिगर-बँक वित्तसंस्थांना हा अधिकार मर्यादित आहे : संस्थेची मत्ता किमान १०० कोटी रुपयांची आणि कर्ज किमान २० लाखांचे असावे लागते.

(इ) नागरी व ग्रामीण पतसंस्था बँका नव्हेत. त्यांची वसुली १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने होते.

(ई) सावकार, मग तो परवानाधारक असो वा नसो, २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली येतो.

४. सरफेसी कायद्यातील दिवसांचा हिशेब

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार खाते ‘अनुत्पादक’ ठरते. तत्पूर्वीचे तीन महिने तीस-तीस दिवसांच्या तीन टप्प्यांत मोडतात. सर्वांत परिणामकारक मदत ह्याच नव्वद दिवसांत मिळू शकते; कारण खाते अनुत्पादक झाल्यावर बँकेच्या शाखाधिकाऱ्याचा हात नियमांनी बांधला जातो, आणि प्रकरण वसुली विभागाकडे जाते.

त्यानंतर कलम १३(२) ची नोटीस येते. तिच्यात येणे रक्कम व तारण ह्यांचा तपशील असतो, आणि पूर्ण येणे भरण्यास ६० दिवसांची मुदत असते. ह्या मुदतीत ऋणकोने लेखी हरकत घेतल्यास कलम १३(३अ) अन्वये बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे बंधनकारक आहे. ही तरतूद २००४ च्या मार्डिया केमिकल्स प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर कायद्यात आली. त्याच निर्णयाने, दाद मागण्यापूर्वी ७५ टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली. ह्या हरकतीसाठी वकिलाची गरज नाही. चुकीची व्याज आकारणी, न दाखविलेला भरणा, विम्याचा प्रलंबित दावा, आजारपण किंवा पीकबुडी असे जे काही असेल ते तारखांसह लिहून पोच घेतली म्हणजे पुढील प्रत्येक टप्प्यावर तो कागद उपयोगी पडतो. कर्जदाराचा मृत्यू झाला असल्यास कर्जासोबत विमा उतरविला होता काय, हे वारसांनी सर्वप्रथम पाहावे. अनेकदा पत्नीला त्या विम्याची माहितीही नसते.

६० दिवस उलटल्यावर बँक कलम १३(४) अन्वये ताबा घेऊ शकते. प्रथम बहुधा सांकेतिक ताबा घेतला जातो. म्हणजे दारावर नोटीस लावून ती वर्तमानपत्रांत प्रसिद्ध केली जाते. कुटुंब घरातच राहत असल्यामुळे काही घडलेच नाही असे त्यास वाटते. परंतु कलम १७ अन्वये दाद मागण्याची ४५ दिवसांची मुदत ह्याच दिवसापासून धावू लागते. सांकेतिक ताब्याविरुद्धही अर्ज चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरविले आहे.

हा अर्ज चाकूरच्या किंवा लातूरच्या दिवाणी न्यायालयात करता येत नाही. कलम ३४ ने दिवाणी न्यायालयांचे अधिकारक्षेत्र वर्ज्य केले आहे. तो छत्रपती संभाजीनगर येथील कर्जवसुली न्यायाधिकरणात करावा लागतो. चाकूरहून हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर आहे. येणे दहा लाखांहून कमी असल्यास अर्जाचे शुल्क दर लाखास ५०० रुपये इतके आहे. मात्र प्रवास आणि वकील ह्यांचा खर्च त्याहून पुष्कळ अधिक होतो. ऑनलाइन अर्ज दाखल करण्याच्या सोयीने हे अंतर काहीसे कमी झाले असले, तरी तालुक्याच्या पातळीवर ह्या कामाचा अनुभव असलेले वकील मोजकेच असतात.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ अन्वये जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे लातूरच्या जिल्हाधिकाऱ्याकडे, अर्ज करते. अनेक कुटुंबे ह्या वेळी ‘साहेबांपुढे गाऱ्हाणे मांडू’ ह्या आशेने जातात. परंतु ह्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्याचे काम केवळ प्रशासकीय आहे, गुणदोषांचा निवाडा त्याने करावयाचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात स्पष्ट केले. चुकीच्या दारात गेल्यामुळे ४५ दिवस निघून जाणे, हा ह्या प्रक्रियेतील सर्वांत मोठा अपघात होय.

शेवटी लिलाव. मान्यताप्राप्त मूल्यमापकाकडून किंमत ठरवून घेणे, ऋणकोस ३० दिवसांची नोटीस देणे, आणि दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील, जाहीर सूचना देणे बँकेवर बंधनकारक आहे. येथेच सोडवणुकीच्या हक्काचे रूप पालटले आहे. २०१६ च्या दुरुस्तीपूर्वी विक्रीच्या क्षणापर्यंत पैसे भरून घर सोडविता येत असे. दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच पूर्ण रक्कम भरली पाहिजे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात लावला. जो हक्क एकेकाळी विक्रीखत नोंदले जाईपर्यंत टिकत असे, तो आता वर्तमानपत्रातील एका जाहिरातीपाशी संपतो. ‘लिलावाच्या दिवशी पाहू’ ही जुनी समजूत आज घर घालविण्यास पुरेशी आहे.

विक्रीतून येण्यापेक्षा अधिक रक्कम आल्यास शिल्लक ऋणकोची असते, आणि ती मागून घेतली पाहिजे. उलट रक्कम कमी आल्यास उरलेल्या येण्यासाठी धनको न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो.

५. पतसंस्था व सावकार

पतसंस्थेच्या बाबतीत कलम १०१ अन्वये निबंधकाकडून वसुली दाखला मिळविला जातो. दाखला देण्यापूर्वी ऋणकोस म्हणणे मांडण्याची संधी असते, आणि हिशेबाचा वाद त्याच वेळी उपस्थित केला पाहिजे. कारण दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करावयाचा तर येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. सहकारी संस्था नियमांतील नियम १०७ प्रमाणे जप्ती व विक्री होते. ह्या नियमात मात्र एक उदार तरतूद आहे : विक्रीनंतरही ३० दिवसांच्या आत येणे रक्कम आणि खरेदीदारासाठी विक्रीच्या किमतीच्या पाच टक्के भरल्यास विक्री रद्द करून घेता येते. बँकेच्या ऋणकोस जी संधी लिलावाच्या जाहिरातीबरोबर संपते, ती पतसंस्थेच्या ऋणकोस लिलावानंतरही महिनाभर असते. धनकोचा प्रकार ओळखणे का आवश्यक आहे, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

सावकारी व्यवहारातील अडचण निराळी आहे. तेथे गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच करून घेतले जाते, आणि ‘पैसे दिल्यावर घर परत’ हे वचन तोंडी किंवा वेगळ्या कागदावर राहते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात १९२९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे परतीची अट त्याच खतात नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. म्हणजे दिवाणी न्यायालयाचा सरळ मार्ग बंद होतो. ही उणीव २०१४ च्या अधिनियमाच्या कलम १८ ने बरीच भरून काढली आहे. विक्री, गहाण, भाडेपट्टा अशा कोणत्याही नावाने सावकाराकडे गेलेली स्थावर मालमत्ता वस्तुतः कर्जाचे तारण होती काय, ह्याची चौकशी सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक करू शकतो, आणि तसे आढळल्यास ती परत देण्याचा आदेश देऊ शकतो. अर्जास कायद्याने ठरविलेली मुदत असल्यामुळे विलंब करू नये. बिगरशेती तारण कर्जावर वर्षाला १५ टक्क्यांहून अधिक व्याज सावकारास घेता येत नाही, आणि विनापरवाना सावकारी हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे.

६. हप्ता थकण्यापूर्वीची मदत

आतापर्यंतचे विवेचन बचावाचे होते. परंतु घर वाचविण्याची खरी वेळ हप्ता पहिल्यांदा जड वाटू लागतो ती असते. व्याजदराचा परिणाम एका उदाहरणाने पाहू. दहा लाखांचे कर्ज ७ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ७,७५३ रुपये येतो. दर अडीच टक्क्यांनी वाढून ९.५ झाला, आणि मुद्दल जवळजवळ तेवढेच असले, तर केवळ व्याजच महिन्याला सुमारे ७,९१७ रुपये होते. म्हणजे जुना हप्ता नियमित भरूनही कर्ज कमी न होता वाढते. हे उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातील वाढ काल्पनिक नाही : मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ ह्या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला होता. ह्या अनुभवानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये तिने असा निर्देश दिला की, दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, ह्याची निवड ऋणकोस द्यावी, आणि स्थिर दराकडे जाण्याचा पर्यायही ठेवावा. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निर्देशाने दंडव्याज बंद करून, ज्यावर पुन्हा व्याज चढणार नाही असे दंडशुल्कच तेवढे आकारता येईल असे ठरविले. खातेउतारा मागवून ह्या दोन्ही गोष्टी तपासणे हे प्रत्येक अडचणीतील ऋणकोचे पहिले काम होय.

चाकूर परिसरात आणखी एक प्रश्न आहे. गृहकर्जाचा मासिक हप्ता हा पगारदाराच्या उत्पन्नाच्या मापाने बेतलेला असतो. लातूर जिल्ह्यातील उत्पन्न, व्यापाऱ्याचे असले तरी, शेवटी सोयाबीन आणि तुरीच्या हंगामावर चालते. पैसा दिवाळीच्या आसपास आणि पुन्हा पौष-माघात येतो. हप्ता मात्र आषाढातही तितकाच असतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारातील भाव त्याखाली राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यातील पिके वाहून गेली. अशा वर्षी थकलेला हप्ता हा ऋणकोच्या बेफिकिरीचा पुरावा नव्हे. हंगामाला जुळणारे हप्ते किंवा पुनर्रचना मागणारा लेखी अर्ज नव्वद दिवसांच्या आत केल्यास त्यावर विचार होण्याची शक्यता अधिक असते. एकरकमी तडजोड मात्र ऋणकोचा हक्क नव्हे. ती बँकेच्या विवेकाधीन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितले आहे. तडजोड मान्य झाल्यास तिच्या तारखा काटेकोरपणे पाळल्या पाहिजेत.

तक्रारीची स्थाने पुढीलप्रमाणे आहेत. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. गृहवित्त कंपनीविरुद्ध राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे, आणि पतसंस्थेविरुद्ध सहकार खात्याकडे. वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. परंतु लोकपालाकडील तक्रारीने कलम १७ ची मुदत थांबत नाही, हे विसरता कामा नये.

मोफत वकिलाची तरतूद ह्या सर्वांत उपेक्षित आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ अन्वये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, अल्प उत्पन्नाचे लोक, आणि त्याचबरोबर पूर, अवर्षण किंवा भूकंप ह्यांचे बळी मोफत विधी साहाय्यास पात्र आहेत. १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि त्यानंतरची अवर्षणे व अतिवृष्टी पाहिलेल्या ह्या जिल्ह्यात ह्या शेवटच्या वर्गाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे ह्यासाठी अर्ज करता येतो. लोकअदालतीतील तडजोडही उपयुक्त असते. मात्र तेथील निवाड्यास हुकूमनाम्याचे बळ असून त्याविरुद्ध अपील नाही. म्हणून न झेपणारे हप्ते तेथे कबूल करणे धोक्याचे ठरते.

७. उपसंहार

अमेरिकेत २००७ नंतर लक्षावधी घरांवर जप्ती आली, तेव्हा तेथील शासनाने २००९ मध्ये हप्ते कमी करून देणारी योजना आखली, आणि शासनमान्य गृहसल्लागारांचे जाळे ऋणकोच्या हाती दिले. आपल्याकडील कायद्यांत उपायांची वाण नाही; वाण आहे ती ते उपाय वेळेवर सांगणाऱ्या माणसाची. बँकेची नोटीस बहुधा इंग्रजीत येते, न्यायाधिकरण तीनशे किलोमीटरवर असते, आणि घरातील माणसे लाजेपोटी शेजाऱ्यालाही सांगत नाहीत. ह्या मौनातच ६० आणि ४५ दिवस निघून जातात.

वित्तीय साक्षरता केंद्रे, ग्रामपंचायती आणि विधी सेवा समित्या ह्यांनी नोटीस वाचून तिच्यातील तारीख मराठीत समजावून देण्याचे एवढे एकच काम अंगावर घेतले, तरी अनेक घरे वाचतील. चाकूरसारख्या एका तालुक्यात किती नोटिसा निघाल्या, त्यांपैकी कितींना मुदतीत उत्तर गेले, आणि कितींत घर प्रत्यक्ष विकले गेले, ह्याची पाहणी आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेतल्यास तिचा उपयोग प्रबंधापुरता राहणार नाही.